क्रीडा दिनाची सुट्टी दिलीत, आता खेळायला जागा पण द्या

प्रति,
जपान सरकारची क्रीडा एजन्सी, कासुमिगासेकी, टोकियो
तसेच टोकियोतल्या सगळ्या वॉर्ड ऑफिसांचे पार्क विभाग आणि शिक्षण मंडळं

स. न. वि. वि.

मी टोकियोच्या पूर्व भागात राहते, मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे इकडे आलो आणि इकडचेच झालो, मुलगा इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे, मुलगी दुसरीत. पत्र मराठीत लिहितेय कारण आमच्या आसपास मराठी आईबाप भरपूर आहेत आणि मी खाली जे लिहिलंय ते यातलं कुणी ना कुणी शाळेच्या गेटवर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर बोललेलंच आहे, फक्त तुमच्यापर्यंत कुणी पोचवलेलं नाही. जपानी भाषेतली प्रत तुमच्या ऑफिसला पोस्टाने वेगळी पाठवतेय.

झालंय असं की आमच्या बिल्डिंगसमोर एक छोटं पार्क आहे. झोके, घसरगुंडी, वाळूचा चौकोन आणि मधे थोडी मोकळी जागा. आधी तिथे बोर्ड होता की कडक बॉल आणि बॅट चालणार नाही, ते बरोबरच होतं, बारकी पोरं असतात तिथे. गेल्या महिन्यात तो काढून नवा बोर्ड लावला. आता कुठल्याही प्रकारच्या बॉलला बंदी, मोठ्याने आवाज करायलाही बंदी. माझा मुलगा आणि त्याचे मित्र स्पंजच्या बॉलने कॅच कॅच खेळायचे, तेही बंद. मी फोन करून विचारलं तर म्हणाले तक्रारी आल्यात. कसल्या तक्रारी, कुठल्या वेळेबद्दल, दुसरा काही मार्ग निघेल का, एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. तोपर्यंत मुलाच्या दप्तरातून क्रीडा दिनाच्या कार्यक्रमाचं रंगीत पत्रक घरी आलेलं होतं, सगळ्यांनी मिळून खेळूया असं सांगणारं. तो बोर्ड आणि हे पत्रक मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघितले, बोर्डाचा फोटो होता मोबाईलमध्ये, आणि ठरवलं की आता लिहायचंच.

तुमच्या सुट्टीच्या कायद्यात या दिवसाचा उद्देश लिहिलाय. खेळाचा आनंद घ्यावा, दुसऱ्याचा आदर करायची वृत्ती वाढावी आणि निरोगी, चैतन्य असलेला समाज घडावा. किती चांगला उद्देश आहे, आणि मला तो मनापासून पटतो म्हणूनच हे सगळं लिहितेय. जगात किती देशांनी खेळासाठी पूर्ण देशाला सुट्टी दिलीय? आमच्याकडे २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या वाढदिवशी राष्ट्रीय क्रीडा दिन असतो पण सुट्टी नसते. तुमच्याकडे ती १९६६ पासून आहे.

आता तुमच्याच चाचणीबद्दल बोलते. दरवर्षी शाळेत पोरांची शारीरिक क्षमता चाचणी होते. प्राथमिक शाळेला आठ प्रकार असतात, पकडीची ताकद, उठाबशा (पाठीवर झोपून उठायच्या त्या), पुढे वाकणं, बाजूला उड्या, वीस मीटरची शटल रन, पन्नास मीटर धावणं, उभ्याने लांब उडी आणि शेवटी सॉफ्टबॉल फेकणं. देशभरातल्या पाचवीच्या मुलांचे निकाल २००८ पासून गोळा होतात, म्हणजे माझा मुलगा या वर्षी त्यात आहे. आणि त्याहून जुना जो सर्व्हे आहे, १९६४ पासून चालत आलेला, त्याचे आकडे तुम्ही दर ऑक्टोबरला याच सुट्टीच्या आसपास जाहीर करता. पेपरात मथळे येतात, टीव्हीवर चर्चा होते. मुलांची क्षमता १९८५ च्या सुमारास सगळ्यात चांगली होती आणि बॉल फेकण्याचं अंतर तेव्हापासून कमी कमी होत आलंय हे तुमचेच अहवाल सांगतात. कारणंही तुम्हीच देता, खेळायचा वेळ कमी झालाय, स्क्रीनसमोरचा वेळ वाढलाय.

मान्य आहे, आमच्या घरात पण टॅबलेटवरून रोज वाद असतात. पण साहेब, पोरगं बॉल फेकायला शिकणार कुठे? घरात फेकू शकत नाही, मॅन्शनच्या (इथे फ्लॅटच्या बिल्डिंगला तसं म्हणतात) पॅसेजमध्ये फेकू शकत नाही, रस्त्यावर तर प्रश्नच नाही, आणि पार्कात फेकला तर बोर्ड दाखवतात. दहा-अकरा वर्षांचं पोर वर्षभर बॉलला हात न लावता मे महिन्यात मैदानावर उभं राहतं आणि तुम्ही टेपने अंतर मोजता. मग अहवालात लिहिता घट झाली. ही घट पोरांच्या आळसाने झालेली नाहीये, मोठ्या माणसांनी एकेक बोर्ड लावत ती आणलीय, आणि म्हणून ती मोठ्या माणसांनीच दुरुस्त करायला पाहिजे.

मला माहितीये की पार्क क्रीडा एजन्सीच्या हातात नाहीत, ते वॉर्डाचे असतात, आणि वॉर्डवाले म्हणतात आम्ही तक्रारीला बांधील आहोत. म्हणूनच पत्रावर दोघांचीही नावं आहेत. एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि मधल्या मधे पोरांचं बालपण संपतं. दोन वर्षांत माझा मुलगा मिडल स्कूलला जाईल, त्याच्यासाठी मग हा प्रश्नच उरणार नाही.

तक्रार करणाऱ्यांवरही माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसं असतात, आजारी म्हातारी माणसं असतात, पार्कातून काठी टेकत जाणाऱ्या आजी असतात ज्यांना बॉल लागला तर हाड मोडेल. यांची काळजी घ्यायलाच पाहिजे. पण काळजी घेणं म्हणजे सरसकट बंदी असं कसं काय? तुमच्याच देशात दुसऱ्या लोकांनी मार्ग काढलेत. चियोदा वॉर्डाने २०१३ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या जागांसाठी खास नियमच केला, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी पार्कात बॉल खेळायला मिळतो आणि लक्ष ठेवायला मोठं माणूस हजर असतं. चियोदा म्हणजे काय मोकळं माळरान नाही, सम्राटांचा राजवाडा आणि ऑफिसांच्या इमारती असलेला टोकियोचा अगदी मधला भाग, तिथे जमतं. चिबा प्रांतात फुनाबाशी शहराने मुलांचं म्हणणं ऐकून घेऊन काही पार्कांत बॉल खेळायची सोय केली. टोकियो महानगर सरकारने २०१५ मध्ये अजून शाळेत जायला न लागलेल्या लहान मुलांचा आवाज डेसिबलच्या मर्यादेतून वगळला, म्हणजे पोरांचा आवाज हा कारखान्याच्या आवाजासारखा मोजायचा नसतो हे सरकारने मान्य केलंय. मग सहा वर्षं पूर्ण झाली की पोराचा आवाज लगेच गुन्हा होतो का? आणि दुसरीकडे नागानो शहरात शेजारच्या तक्रारींवरून मुलांचं एक मैदान २०२३ मध्ये कायमचं बंद झालं, ती बातमी देशभर गाजली, तेव्हा आमच्यासारख्या आईबापांना पहिल्यांदा भीती वाटली की हे आपल्याकडेही होऊ शकतं.

आता तारखेबद्दल, कारण तिथेही या दिवसाची हेळसांड झालीय.

१० ऑक्टोबर १९६४, टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन. आदल्या दिवशी पाऊस, आणि त्या दिवशी सकाळी असं स्वच्छ आभाळ की टीव्हीवरचा निवेदक म्हणाला जगभरातलं निळं आभाळ टोकियोत आणून ठेवलंय जणू. वर विमानांनी पाच वलयं काढली. ज्योत पेटवली साकाई योशिनोरी नावाच्या तरुण धावपटूने, जो ६ ऑगस्ट १९४५ ला, अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात जन्मला होता. युद्धात बेचिराख झालेल्या देशाने एकोणीस वर्षांत जगाला घरी बोलावलं, त्या दिवसाची ही सुट्टी आहे. आम्हा भारतीयांनाही तो महिना जवळचा आहे, २३ ऑक्टोबरला आपल्या हॉकी टीमने पाकिस्तानला १-० हरवून सुवर्ण परत मिळवलं ते इथेच, कोमाझावाला. मी पोरांना घेऊन कोमाझावाच्या ऑलिम्पिक पार्कात गेले तेव्हा त्यांना हे सांगितलं, मुलगा तिथल्या टॉवरकडे बघत बराच वेळ प्रश्न विचारत होता.

हा दिवस तुम्ही २००० मध्ये ऑक्टोबरचा दुसरा सोमवार केलात, लोकांना सलग तीन दिवस सुट्टी मिळावी म्हणून. आता तो खऱ्या तारखेवर कधीतरी योगायोगानेच येतो, २०२२ मध्ये आला, पुढचा थेट २०३३ ला येईल. माझ्या मुलाच्या वर्गातल्या पोरांना विचारा १० ऑक्टोबरला काय झालं होतं, कुणाला माहीत नाही, त्यांना फक्त लाँग वीकेंड माहितीये. तरी सोमवारचं मी समजू शकते. मला जास्त खुपतं ते २०२० आणि २०२१ चं. २०२० पासून सुट्टीचं नाव बदललं आणि त्याच वर्षी दिवस उचलून २४ जुलैला नेला, नव्या टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनासाठी. ऑलिम्पिक मार्चमध्येच पुढे ढकललं गेलं, तरी सुट्टी जुलैतच राहिली. मग पुढच्या वर्षी परत २३ जुलै, आणि तो कायदा झाला नोव्हेंबर २०२० च्या शेवटी, तोपर्यंत नव्या वर्षाची कॅलेंडरं छापून झालेली होती, लाखो घरांच्या भिंतीवर चुकीची तारीख लाल होती. दोन वर्षं ऑक्टोबरमध्ये एकही राष्ट्रीय सुट्टी नव्हती. आणि नेला कुठे, तर जुलैच्या उन्हात! १९६४ मध्ये स्पर्धा ऑक्टोबरमध्ये घेतली कारण उन्हाळा आणि वादळं टाळायची होती. २०२१ मध्ये उन्हामुळे मॅरेथॉन टोकियोतून काढून साप्पोरोला न्यावी लागली. जाणत्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी जे ओळखलं होतं ते आपण विसरलो.

ऊन हा विषय निघालाच आहे तर शाळेच्या उंदोकाईबद्दल पण बोलायला पाहिजे. मराठी वाचकांसाठी सांगते, उंदोकाई म्हणजे शाळेचा खेळांचा दिवस पण आपल्याकडच्या स्पोर्ट्स डेपेक्षा कितीतरी मोठा, अख्खी शाळा लाल आणि पांढऱ्या दोन गटांत वाटलेली, उलटसुलट घालता येते अशी टोपी, एका बाजूने लाल एका बाजूने पांढरी, रस्सीखेच, उंच टोपलीत बॉल टाकायचा खेळ, रिले, आणि सगळ्या पोरांचा एकत्र नाच. १८७४ मध्ये त्सुकिजीच्या नौदल शाळेत पहिल्यांदा असे खेळ झाले तिथपासूनची ही परंपरा आहे. आधी हा दिवस सकाळपासून दुपारपर्यंत चालायचा, आजीआजोबा यायचे, मैदानावर चादर टाकून घरचे डबे उघडायचे. कोरोनात तो अर्ध्या दिवसाचा झाला, त्यावेळी ते गरजेचंच होतं. पण कोरोना संपल्यावरही बहुतेक शाळांनी तो अर्धाच ठेवला. आमच्या मुलीच्या वर्गाला धावण्याची एक शर्यत आणि एक नाच एवढंच येतं, पालकांनी आपापल्या वर्गाच्या वेळी यायचं आणि निघायचं. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे हे मला दिसतं, रात्री आठला पण शाळेच्या स्टाफरूमचे दिवे चालू असतात. म्हणून मी पूर्ण दिवस मागत नाहीये. पण मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तापलेल्या मैदानावर सराव करून घेण्यापेक्षा हा कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये या सुट्टीच्या आसपास आणा ना. उष्णतेचा निर्देशांक ३१ च्या वर गेला की व्यायाम बंद असा तुमचा नियम आहे, आणि २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीन उन्हाळे इतके तापले की पोरं जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडूच शकत नाहीत. म्हणजे वर्षातले खेळण्यासारखे महिने आधीच कमी झालेत, उरलेल्यांत बोर्ड आडवे येतात.

आणि तुम्ही मनावर घेतलं की होतं, हे मी बघितलंय. मानवी मनोरे, कुमिताइसो. २०१५ मध्ये ओसाका प्रांतात एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला, मुलाचा हात मोडला, देशभर ओरड झाली आणि २०१६ च्या मार्चमध्ये तुमच्या एजन्सीने सगळ्या शिक्षण मंडळांना कळवलं की सुरक्षिततेची खात्री नसेल तर हे करू नका. मोठमोठे मनोरे त्यानंतर झपाट्याने कमी झाले. दहीहंडीच्या थरांवरून आमच्याकडे कोर्टापर्यंत वर्षानुवर्षं भांडण चाललं, इथे तुमच्या एका पत्राने फरक पडला. पोरं पडू नयेत म्हणून पत्र निघू शकतं तर पोरं खेळावीत म्हणून का नाही निघत?

मिडल स्कूलचे बुकात्सु, म्हणजे शाळा सुटल्यावरचे खेळाचे क्लब, तेही बदलतायत. २०२३ पासून शनिवार-रविवारचे क्लब शाळेकडून काढून स्थानिक संस्थांकडे द्यायचं काम सुरू झालंय. शिक्षकांचे शनिवार-रविवार मोकळे व्हावेत हे योग्यच आहे, त्यात दुमत नाही. पण बाहेरचा क्लब म्हटलं की महिन्याची फी आली, युनिफॉर्म आला, गाडीने ने-आण आली. ज्या घरात एकच पालक आहे किंवा दोघंही कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात, नाहीतर वृद्धाश्रमात शिफ्ट करतात त्या घरच्या पोराचं काय? माझ्या ओळखीच्या एका नेपाळी कुटुंबातला मुलगा टेबल टेनिस सोडून घरी बसलाय, पैशामुळे. परदेशी पालकांना तर फॉर्मच कळत नाहीत, सगळं अवघड कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत.

सुट्टीच्या दिवसाची पण तीच गत. राष्ट्रीय सुट्टी असली तरी खाजगी कंपनीने ती द्यायलाच हवी असं बंधन तुमच्या कामगार कायद्यात नाही. दुकानं उघडी, डिलिव्हरी चालू, हॉस्पिटलं चालू. पण पाळणाघरं आणि शाळा सुटल्यावर पोरांना सांभाळणारी गाकुदो बंद. म्हणजे क्रीडा दिनाला आईबाप कामावर आणि पोर घरात टॅबलेटसमोर, हे आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी घरांचं चित्र आहे. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी सरकारी जिम आणि पूल फुकट असतात, ही खूप चांगली गोष्ट आहे, पण एकट्या सात वर्षांच्या मुलीला तिथे कोण नेणार?

आमच्याकडे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये. साताऱ्यात, पुण्यात मैदानं लग्नाच्या मांडवांना आणि प्रदर्शनांना जातात, माझे भाऊ गल्लीत खेळून मोठे झाले. पण तुमच्याकडे शिस्त आहे, पैसा आहे, चोनाइकाईसारख्या मोहल्ल्याच्या समित्या आहेत, सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायाम लागला की पार्कात गोळा होणारे आजीआजोबा आहेत. १९२८ पासून चालू असलेला तो राजिओ ताइसो माझी सासू इथे आली की रोज करते, एक शब्द जपानी येत नाही तरी तिथल्या आज्यांशी तिची मैत्री झालीय. ज्या देशात हे होऊ शकतं तिथे संध्याकाळी दोन तास पोरांना बॉल खेळू देणं अशक्य नाही.

तर आमच्या मागण्या अशा.

१. प्रत्येक वॉर्डाने, शाळेपासून पोरांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, निदान एका पार्कात मऊ बॉलने खेळायची वेळ ठरवून द्यावी. दुपारी तीन ते पाच चालेल. जाळी लावा, लक्ष ठेवायला माणूस ठेवा, माणूस कमी पडला तर आम्ही पालक पाळीपाळीने उभं राहू, तसं लेखी देतो.

२. नवीन बंदीचा बोर्ड लावण्याआधी त्या भागातल्या शाळेतल्या मुलांचं आणि पालकांचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि तक्रार काय आहे ते नाव न सांगता का होईना, पण सांगावं.

३. क्रीडा दिनाला सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांची मैदानं दिवसभर उघडी ठेवावीत आणि त्या दिवशी गाकुदो चालू असावी, तिथल्या कर्मचाऱ्यांना बदली सुट्टी देऊन. दरवर्षी देशात शेकडो शाळा मुलं नाहीत म्हणून बंद होतात, त्यांची मैदानं विकण्याआधी खेळासाठी विचारात घ्या. तोचिगी प्रांतात सानो शहरात बंद पडलेल्या हायस्कूलच्या जागेवर २०१८ मध्ये क्रिकेटचं ग्राउंड उभं राहिलं, आमची पोरं तिथलं नाव आदराने घेतात.

४. क्लब शाळेबाहेर जाणार असतील तर कमी उत्पन्नाच्या घरांची फी सरकारने भरावी. माहिती सोप्या जपानीत द्यावी.

५. सुट्टी परत १० ऑक्टोबरला न्यावी. ते लगेच जमणार नसेल तर कुठल्याही स्पर्धेसाठी ती पुन्हा हलवणार नाही एवढं तरी जाहीर करावं.

६. क्रीडा एजन्सीने क्षमता चाचणीचा निकाल जाहीर करताना त्याच अहवालात प्रत्येक वॉर्डात आणि शहरात बॉल खेळता येतो अशी किती पार्कं आहेत तो आकडा पण छापावा. सगळ्यांनी दोन्ही आकडे एकत्र बघू द्या.

या वर्षी १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आइची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत, त्यात कबड्डी आहे, क्रिकेट आहे, आमच्या घरात आत्तापासून त्याच गप्पा चालू आहेत. त्यानंतर आठच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, क्रीडा दिन. पहिल्या दोन मागण्यांना ना कायदा बदलायला लागतो ना मोठा खर्च, त्या तेवढ्या वेळात होऊ शकतात. बाकीच्यांचं काय करणार ते तारखेसकट कळवा. उत्तर जपानीत दिलंत तरी चालेल, मी त्याचं मराठी करून इथेच सगळ्यांना वाचायला देईन.

आपली,
पाचवीतल्या आणि दुसरीतल्या दोन मुलांची आई
टोकियो